दुपट्यातली वाकडी ओळ

"उसवू नगंस," आत्ती म्हणाल्या.

सुईचं टोक मी नुकतंच धाग्याखाली घातलं होतं. अंगणात कोवळ्या उन्हात दुपटं अंथरलेलं, एका कडेला मी आणि समोरच्या कडेला माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेले, त्यामुळं मी काय करते ते त्यांना दिसायचा प्रश्नच नव्हता. पण शिवणाऱ्या बाईचा हात थांबला की तिच्या बांगड्या गप्प होतात, तेवढं त्यांना पुरे व्हायचं.

"वाकडी गेलीया, आत्ती."

"कितीशी?"

"हितनं तिथवर. मधीच पोट सुटल्यागत झालंय."

"हितनं तिथवर म्हंजे मला आंधळीला काय कळायचं? आन हिकडं."

मी कापड त्यांच्या मांडीवर सरकवलं. त्यांनी अंगठा ओळीवर ठेवला आणि कडेपासून फिरवत नेला. बराच वेळ अंगठा सरळ गेला, मग बाहेर वळला, थोडा भरकटला आणि परत आत आला. आत्ती हसल्या.

"कापडावर गुडघा रोवून बसली हुतीस न्हवं?"

बसले होते खरी. गुडघ्याखाली कापड ताणलं गेलं, त्या ताणलेल्या कापडावर मी मोठ्या दिमाखात सरळ टाके घातले, आणि गुडघा उचलल्याबरोबर कापडानं अंग सैल सोडलं. ओळ बाहेर फुगली. वाकळ, म्हणजे आमच्याकडची गोधडी, शिवायला शिकणारी प्रत्येक बाई ही चूक एकदा करतेच, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी रडायच्या बेतात होते.

"उसवून परत घालते की. आजून ताजी हाय."

"जुनेराला दुसऱ्यांदा सुई लावत न्हाईत, पोरी. नेसून नेसून इरल्यालं कापड ते. उसवलं की भोकं राहत्यात आनि पयल्या धुण्याला तितनंच फाटतंय. आसू दे. म्होरल्या वळीत जरा आत घे, तिच्या म्होरल्या वळीत आनि जरा. चार वळींत मुरून जाईल."

"पन दिसंल की."

"दिसू दे. हातानं शिवल्यालं हाय, हात दिसनारच."

मी कापड परत ओढून घेतलं आणि त्या वाकड्या ओळीच्या आतून पुढची ओळ सुरू केली. मनात म्हटलं, इतकी समजूतदार सासू मिळायला कुठलं पुण्य केलं होतं मी कोण जाणे. माझ्या मैत्रिणींच्या सासवा भाकरीचा काठ चिरला तरी आठवडाभर ऐकवायच्या.

आमचा विट्याकडचा तो सगळा मुलूख गलाईवाल्यांचा. सराफाकडचं जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवायचं, त्यातलं हीण काढून टाकायचं आणि शुद्ध माल परत द्यायचा, हा धंदा. त्यापायी आमच्याकडचे बाप्ये सगळ्या हिंदुस्थानात पांगलेले. गावात राहायच्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि वाट बघणं. यात्रेला आणि दिवाळीला गाव भरायचं, चार दिवसांनी परत मोकळं व्हायचं.

माझा नवरा बरेलीला होता. त्या काळी मी त्यांना 'हे' म्हणायचे. नाव उखाण्यात घेतलं तेवढंच. आता बिनदिक्कत घेते. हिंदुराव.

लग्न झाल्यापासून मला बरेलीला न्यायचं घाटत होतं. पहिल्या वर्षी खोली मिळत नव्हती. मग खोली मिळाली तर तिथं भट्टीचा धूर फार होता. मग उन्हाळा कडक होता, मग थंडी कडक होती. दर वेळी हिंदुराव नवं कारण घेऊन यायचे आणि ते मला पटायचं. मला दुसरं काही नको होतं. चूल माझी असावी, संध्याकाळी दार उघडून आत येणारा माणूस माझा असावा आणि जमलं तर एक मूल. इतकं साधं मागणं होतं की ते मिळणार नाही असं कधी वाटलंच नाही.

आत्ती माझ्या बाजूच्या होत्या. दिवाळीला हिंदुराव आलेच नाहीत, दुकानात काम फार आहे म्हणून सांगावा आला, तेव्हा मी परड्यात जाऊन रडले. आत्ती भिंत चाचपत माझ्यामागं आल्या आणि म्हणाल्या, "तिकडं थंडी हाडं फोडती म्हनं. दोगांच्या अंगावर येईल आशी वाकळ शिव. मी शिकीवते. वाकळ पुरी झाली की म्याच त्येला सांगते, यात्रंला आलास की हिला घिऊन जायाचं. न्हेत न्हाई म्हंजे काय?"

आत्तींच्या वाकळा आसपासच्या गावांत नावाजलेल्या होत्या. डोळे गेले तशी सुई सुटली. मी तर उडी मारूनच तयार झाले. पण मोठ्या वाकळेआधी लहान काहीतरी करून हात बसवायचा असतो, असं त्या म्हणाल्या. म्हणून हे दुपटं. तान्ह्या लेकराला खाली घालायची दोन हातांची गोधडीच म्हणा ना.

"पन आत्ती, पोटात काय नसताना दुपटं?" मी विचारलं होतं.

विचारायला कारण होतं. या बाबतीत आत्ती भारी कडक. शेजारच्या घरी सातव्या महिन्यात टोपडं शिवायला घेतलं तर यांनी तिथं जाऊन चार बायकांत सुनावलं होतं, की पोर हातात आल्याबिगर त्याच्यासाठी टाका घालत नाहीत.

"कुनासाटी म्हनून कोन शिवतंय?" आत्ती म्हणाल्या. मग जरा थांबून, "तुजं हुईल तवा तुजं बगू."

वर घालायला त्यांनी माझंच जुनेर मागितलं. आंब्याच्या रंगाचं, हिरव्या काठाचं, माझ्या आईनं माझ्या साखरपुड्याला घेतलेलं लुगडं. नेसून नेसून ते सायीसारखं मऊ पडलं होतं. "माजी समदी जाडीभरडी, लेकराच्या अंगाला टोचतील," आत्ती म्हणाल्या. हात बसवायच्या कापडाला लेकराचं अंग कुठून आलं, हे मला तेव्हा विचारायला हवं होतं. मी ट्रंक उघडून लुगडं काढून दिलं.

वाकळ कडेपासून शिवत आत आत जायची असते. एक फेरा झाला की त्याच्या आतून बोटभर अंतरानं दुसरा, मग तिसरा. त्यामुळं कडेची चूक आतल्या प्रत्येक ओळीला भोवते. पण आत्तींनी सांगितलं तसं मी दर फेऱ्याला जरा जरा आत घेत गेले, आणि मधल्या चौकोनापर्यंत पोचले तेव्हा ओळी अगदी सरळ आल्या होत्या. आत्तींनी अंगठा फिरवून बघितला आणि माझ्या गालावरून हात ओवाळून बोटं मोडली. ती एक ओळ तेवढी कडेजवळ तशीच राहिली होती, पोट सुटलेली.

दुपटं धुऊन, वाळवून, घडी करून मी माझ्या ट्रंकेत ठेवायला निघाले. खोटं कशाला बोलू, मनात होतंच की आपलं होईल तेव्हा लागेल. आत्ती म्हणाल्या, "माज्याजवळ दे."

आठवड्यानं मी विचारलं तर म्हणाल्या, "कासारणीच्या सुनंला दिलं. बाळंतीण झालीया, घरात आडचन हाय."

थोडं वाईट वाटलं. पण बाळंतिणीला दिलेल्या वस्तूचं काय वाईट वाटून घ्यायचं, असं म्हणून मी मोठी वाकळ अंथरली.

त्या थंडीइतके चांगले दिवस मी त्या घरात पुन्हा बघितले नाहीत. सकाळची कामं उरकली की आम्ही दोघी वाकळेवर बसायचो. मी शिवायची, त्या सुयांत दोरे ओवून ठेवायच्या. डोळ्यांनी दिसत नसताना जिभेच्या टोकानं दोरा ओला करून बरोबर नेढ्यात घालायच्या, मी बघत बसायची. दुपारी मी त्यांच्या डोक्याला तेल लावायची. त्यांच्या आईच्या, बहिणींच्या, चुलतसासूच्या जुनेरांचे थर त्या वाकळेत होते आणि प्रत्येक जुनेराची त्यांच्याकडं हकिकत होती. मी आज रागानं सांगते आहे, पण हेही सांगते की त्या दिवसांत माझ्या आईपेक्षा माझा आत्तींवर जास्त जीव होता.

चैत्रात भैरोबाची यात्रा आली. आदल्या दिवशी सकाळी हिंदुराव आले, आणि त्यांच्याबरोबर एक बाई आली, कडेवर मूल घेऊन.

"भागीदाराची घरवाली," हिंदुराव बूट काढता काढता म्हणाले. "त्यास्नी दुकान सोडून येता येत न्हाई, म्हनून मीच घिऊन आलो. पोराचं जावळ आपल्या भैरोबाफुडं काढायचा नवस हाय त्येंचा."

"तिकडल्या मानसास्नी आपला भैरोबा कुटनं ठावा?" मी हसून विचारलं. आनंदात होते मी.

"मीच सांगितला. दुकान चालंना झालं हुतं, तवा बोलले."

बाईचं नाव सरोज. वयानं माझ्याएवढीच असेल. प्रवासानं दमलेली होती, तरी आल्याबरोबर वाकून माझ्या पाया पडली आणि मला भाभी म्हणाली. मला ते आवडलं. मी तिला पाणी तापवून दिलं, तिच्या मुलाला मऊ भात कालवला. सहा महिन्यांचं गुटगुटीत पोर होतं. आत्तींनी त्याला मांडीवर घेतलं आणि त्यांची बोटं त्याच्या तोंडावरून फिरत राहिली, कपाळ, नाक, हनुवटी, मग कानाच्या पाळ्या. कानाच्या पाळीपाशी त्या थांबल्या आणि स्वतःशी हसल्या. म्हाताऱ्या माणसांना लहान पोरांचा लळा असतोच.

हिंदुरावांना मी हात धरून सोप्यात नेलं आणि वाकळ दाखवली. मधला वीतभर चौकोन तेवढा राहिला होता.

"आज-उद्या हुईल पुरी," मी म्हणाले. "आत्तींनी सांगितलंय न्हवं तुमास्नी?"

"बरं," ते म्हणाले. वाकळेकडं बघितलं नाही, भिंतीकडं बघितलं. मग न्हाव्याला सांगून येतो म्हणून बाहेर पडले.

दुपारी आत्ती माजघरात आडव्या झाल्या. मी सोप्यात शेवटच्या ओळी घालत बसले होते. सरोज पोराला थोपटत जवळ आली. माझी वाकळ बघून तिचे डोळे मोठे झाले. हिंदी मला रेडिओपुरती यायची, आणि तिला मराठी अजिबात येत नव्हती, पण बायकांचं भागतं तेवढ्यावर.

"बहुत सुंदर है, भाभी," ती म्हणाली. "इस घर में सबके हाथ में हुनर है क्या?"

मी हसले. तिनं पिशवीतून काहीतरी काढून माझ्याशेजारी जमिनीवर अंथरलं आणि त्यावर पोराला निजवलं.

आंब्याचा रंग, हिरवा काठ.

पहिल्यांदा मला वाटलं, तसल्याच दुसऱ्या लुगड्याचं असेल. माणसाचं मन किती धडपडतं बघा. मग नजर कडेला गेली आणि ती ओळ दिसली. सरळ जाता जाता फुगलेली, गुडघ्याएवढी. फक्त आता ती नुसती पांढरी नव्हती, तिच्यावरून लाल दोरा गेलेला होता.

"ये कहाँ से लाया?" मी विचारलं.

"इसकी दादी ने भेजा था," सरोज कौतुकानं म्हणाली. "अपने हाथ से सिया है. दिखता नहीं है ना उनको, फिर भी. देखो, यहाँ थोड़ा टेढ़ा हो गया." तिनं बोट त्या ओळीवरून फिरवलं, आत्तींचा अंगठा फिरला होता तसंच. "धागा टूट गया था, तो मैंने उसी के ऊपर सी दिया. सीधा नहीं किया. उनके हाथ का है, जैसा था वैसा ही रखा."

"दादी? कौन दादी?"

तिनं हनुवटीनं माजघराकडं दाखवलं. "माँजी. और कौन?"

माझ्या हातातली सुई कापडात तशीच राहिली. मला आठवतं, मी पहिली गोष्ट विचारली ती हिंदुरावांबद्दल नव्हती. मी विचारलं, "और मैं? मैं कौन?"

सरोज गोंधळली. "आप बड़ी भाभी. इनके बड़े भाई सूरत में हैं ना, दुकान पर."

हिंदुरावांना भाऊ नव्हताच. पाठोपाठच्या दोन बहिणी, त्या आपापल्या घरी. म्हणजे मला द्यायला त्यांनी एक नवरासुद्धा तयार केला होता, तोही दुकानावरचा.

मी दुपट्याच्या कडेवर हात ठेवला. पोर झोपेत चोखत होतं काहीतरी. "ये मैंने सिया है," मी म्हणाले. "ये टेढ़ा मेरा है. साड़ी मेरी. मेरी माँ ने दी थी."

"आपने?"

मग मी गळ्यातलं मंगळसूत्र तिच्यापुढं धरलं आणि नाव घेतलं. हिंदुराव. उखाण्याबाहेर आयुष्यात पहिल्यांदा.

तिला समजायला वेळ लागला नाही. ती ओरडली नाही, रडली नाही, मला खोटं पाडलं नाही. माझ्याकडं बघत राहिली, मग माजघराच्या दाराकडं, मग परत माझ्याकडं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं तेच माझ्याही चेहऱ्यावर असणार. तिनं झोपलेलं पोर अलगद उचललं, आपल्या पदरात गुंडाळलं, आणि एका हातानं ते दुपटं घडी करून माझ्यापुढं ठेवलं. काठाला काठ जुळवून, नीट. मग ती बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसली.

"काय सांगितलंस तिला?"

आत्ती दारात उभ्या होत्या, चौकटीला धरून. झोपल्या नव्हत्याच बहुधा.

"कासारणीच्या सुनंला दिलं म्हनाला हुता तुमी," मी म्हणाले.

त्यांनी दुसऱ्या हातानं पदर सावरला.

"तरीच. पोर जन्मायच्या आदी टाका घालत न्हाईत म्हनता आनि मला बसीवलं. पोर जन्मल्यालं हुतं म्हनून चाललं व्हय?"

"माजं डोळं आसतं तर तुला कशाला सांगितलं आसतं, शालन?" आत्ती म्हणाल्या, आणि त्या मला समजावत होत्या, खरंच समजावत होत्या. "घरच्या पोराला घरचं जुनेर लागतं अंगाखाली. नव्या कापडात कसं ठिवायचं त्येला?"

"ते माजं जुनेर हुतं."

"तू घरचीच की."

मला हसू आलं. आत्ती चाचपत पुढं आल्या, वाकळेशी येऊन बसल्या आणि माझा गुडघा शोधून त्यावर हात ठेवला.

"आसू दे, पोरी. एक वळ वाकडी गेली म्हनून कोन आख्खी वाकळ उसवतं? ती तिथं ऱ्हाईल, तू हितं ऱ्हा. मी हाय तवर तुला कोन काय म्हननार न्हाई. म्होरं समदं मुरतंय."

"आनि माजी बरेली?"

त्यांचा हात गुडघ्यावर तसाच होता.

"मग ही वाकळ कशाला शिवून घेत हुता माज्याकडनं? दोगांच्या अंगावर येईल एवढी?"

"हात गुतल्याला आसला की मन ठिकान्यावर ऱ्हातंय," आत्ती म्हणाल्या.

सगळी थंडी मी तिथं बसले होते. त्यांनी ओवून दिलेल्या सुया, त्यांच्या डोक्याला लावलेलं तेल, त्यांच्या त्या चुलतसासूच्या गोष्टी. माझं मन ठिकाणावर राहावं म्हणून. हिंदुरावांचा मला राग आला तो नंतर, सावकाश, आणि तोही जगाच्या रिवाजाला धरूनच आला. आत्तींचं मात्र तिथंच, त्याच वेळी लागलं आणि अजून लागतं.

संध्याकाळी हिंदुराव परतले तेव्हा सरोज पिशवी घेऊन ओट्यावर तयार होती. दोघांचं काय बोलणं झालं मला कळलं नाही. ती पोराला घेऊन स्टँडच्या रस्त्याला लागली. हिंदुराव घरात आले, मला म्हणाले, "तुला कुनी सांगितलं हुतं त्वांड उगडायला?" आणि तिच्यामागं धावले.

आत्ती रडत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले नाही, पण त्या काय म्हणत होत्या ते ऐकू येत होतं. "उद्या जावळ हुतं गं. उद्यापत्तुर दम धरवला न्हाई तुला. पोर तसंच उगडं गेलं."

दुसऱ्या दिवशी भैरोबाची पालखी वेशीत असताना मी माझ्या आईच्या गावी निघाले. ट्रंक नेली आणि दुपटं नेलं. वाकळ सोप्यात अंथरलेली होती तशी सोडली, सुईसकट.

आईनं फार विचारलं नाही. तीही गलाईवाल्याचीच बायको होती.

दीडेक महिना गेला असेल. एका सकाळी मी दारात धान्य पाखडत बसले होते, तर एसटीच्या थांब्याकडून कुणी म्हातारी काठी टेकत, वाटेत भेटेल त्याला विचारत येताना दिसली. आत्ती. एकट्या. परड्यात जायलाही ज्यांना भिंत लागायची त्या दोन गाड्या बदलून आल्या होत्या.

माझ्या हातातलं सूप कधी खाली ठेवलं मला आठवत नाही. धावत जाऊन मी त्यांना धरलं. त्यांनी माझा हात ओळखला, बांगड्या चाचपून बघितल्या. मी मनात म्हटलं, आल्या. मला न्यायला आल्या. आणि लाज सोडून सांगते, मी गेले असते. बरेलीला नाही, त्यांच्या घरी. नुसतं 'चुकलं माझं' म्हणाल्या असत्या तरी.

मी त्यांना ओसरीवर बसवलं, गूळपाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"दुपटं हाय का गं तुज्याकडं?"

"हाय."

"दे मला. पोर सारकं आजारी पडतंय म्हनं तिकडं. घरचं कापड अंगाखालनं गेलं न्हवं त्येच्या. उद्या एकजन चाललाय बरेलीला, त्येच्यासंगट धाडते."

आई चुलीपासून उठून दारात आली होती. मी तिला खुणेनं थांबवलं.

"ती गेली व्हय माघारी त्येंच्याकडं?" मी विचारलं.

"जातीया कुटं? पोर हाय पदरात."

"आनि माज्यासाटी काय निरोप?"

आत्तींनी मान माझ्या आवाजाकडं वळवली. त्यांना प्रश्नच कळला नाही असं दिसलं. "तू काय, हितं आईपाशी हाईस की," त्या म्हणाल्या.

मी आत गेले. ट्रंकेतून दुपटं काढलं, फळीवरची सुई घेतली आणि त्यांच्यासमोर येऊन बसले. दुपटं मांडीवर पसरलं. गुडघा बाजूला ठेवून, शिकवल्याप्रमाणं.

बांगड्यांचा आवाज झाला असणार.

"काय करतीस?"

"माजी वळ काढून घेते."

"कंची?"

"वाकडी. बाकीच्या तुमच्या सांगन्यानं सरळ आल्याता, त्या ऱ्हाऊ देत तुमास्नी. ही एक माजी हाय."

"उसवू नगंस, पोरी. जुनेर हाय ते. भोकं राहत्यात."

"राहू देत की."

पांढरा दोरा जुना झाला होता, मधे एकदा तुटलेलाही होता. सुईच्या टोकानं एक एक टाका उचलून मी तो ओढून काढला. आत्ती मांडीवर हात ठेवून ऐकत बसल्या होत्या. काम संपलं तेव्हा माझ्या मुठीत चिमूटभर दोरा होता. मी तो चुलीत टाकला आणि दुपटं त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी लगेच अंगठा लावला. कडेनं सरळ सरळ नेला. मग अंगठा बाहेर वळला, थोडा भरकटला आणि परत आत आला. आत्ती थांबल्या. परत मागं जाऊन तिथूनच पुन्हा फिरवला.

"काडली न्हवं तू?"

"काडली."

"मग ही काय हाय?"

"ती तिची हाय. सरोजची. लाल दोऱ्याची."

"ही बी वाकडी?"

"माज्या वळीवरनं घातलीया तिनं. माजा हात दिसावा म्हनून." मग मी चूक दुरुस्त केली. "तुमचा. तुमी शिवलं म्हनून सांगितलं हुतं न्हवं तिला."

आत्तींनी दुपटं घडी केलं आणि काखेत धरलं. मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलतील. त्यांनी विचारलं, "यष्टी कवा हाय माघारी?"

आता माझ्याकडं बायका वाकळ शिकायला येतात. ओळ वाकडी गेली की सगळ्या उसवायलाच धावतात, आणि मी त्यांना उसवू देत नाही. आत्तींचं ते शिकवणं खरंच होतं, त्याला मी नाव ठेवणार नाही. पण शिवायला बसायच्या आधी मी प्रत्येकीला विचारते, हे कुणासाठी शिवतेस. उत्तर आल्याशिवाय तिला सुई देत नाही. बायका मला विक्षिप्त म्हणतात, म्हणू देत.

त्या दिवशी आत्तींना थांब्यापर्यंत सोडायला मीच गेले. रस्ता खडीचा होता, त्यांना दिसत नव्हतं, हात धरावाच लागला. सगळ्या वाटेनं त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. गाडी आली. कंडक्टरनं वरून त्यांच्या दंडाला धरलं, तसा त्यांनी माझा हात सोडला आणि दुपटं दोन्ही हातांनी छातीशी धरून त्या पायरी चढल्या.